मोरीचा मामला

महारुद्रअप्पांनी तो सरकारी कागद भिंतीला चिकटवण्याआधी एकदा उलटून पाहिला असता, तर पुढचं रामायण घडलं नसतं आणि मलाही ते सांगत बसावं लागलं नसतं. पण अप्पांचा स्वभावच असा, की कागदाच्या ज्या बाजूला आपलं काम तीच बाजू खरी. दुसऱ्या बाजूला सरकारनं काय छापायचं ते खुशाल छापावं.

गावाचं नाव सांगत नाही. बीड जिल्ह्यातलं तहसिलीचं गाव, नेकनूरहून सकाळी गाडी जुंपली तर दुपारच्या भाकरीला पोचावं एवढ्या अंतरावर. ओळखायचं त्यांनी ओळखावं. अप्पांचे नातू तिथं अजून नांदताहेत आणि त्यांतला एक स्वतः वकील आहे, म्हणून एवढी सावधगिरी. राज्य निजामाचं, कचेरीची भाषा उर्दू, आणि महिन्यांची नावं इराणी. अप्पा कचेरीसमोरच्या चिंचेखाली सतरंजी टाकून लोकांचे अर्ज लिहायचे. कुणाचा बैल चोरीला गेला, कुणाचा बांध शेजाऱ्यानं कोरला, सगळं अप्पांकडं यायचं. अप्पा ते अशा भारदस्त उर्दूत उतरवायचे, की ज्याचा बैल गेला त्यालाही वाटायचं, आपलं बैलापेक्षा काहीतरी मोठं गेलं.

वीस वर्षं चिंचेखाली काढल्यावर अप्पांना आत जाऊन बसायचं होतं. वकील व्हायचं होतं. तिसऱ्या दर्जाचा का होईना, पण शेरवानी घालून हाकिमासमोर उभं राहणारा. त्यासाठी सरकारची परीक्षा होती आणि अप्पा तीत दोनदा बसून दोनदा पडले होते. एकदा धर्मशास्त्रात, एकदा हस्ताक्षरात. अर्ज लिहून पोट भरणाऱ्या माणसाला हस्ताक्षरात पाडावं, हा घाव अप्पांच्या जिव्हारी लागला होता. त्या वर्षीही धर्मशास्त्रातच पडलो असं ते लोकांना सांगायचे, म्हणजे दोन्ही वर्षी धर्मशास्त्रच.

आणि आता नवे नियम निघाले होते. पुढच्या सालापासून शाळेचा दाखला असल्याशिवाय कुणाला परीक्षेला बसता येणार नव्हतं. अप्पांचं शिक्षण मठातले स्वामी आणि मशिदीतले मौलवी या दोघांकडं मिळून झालेलं. छड्या दोघांनीही दिल्या, दाखला कुणीच दिला नाही. म्हणजे हे साल शेवटचं. यंदा बसले तर बसले, नाहीतर जन्मभर चिंचेखाली. अर्जासोबत तहसीलदारांचा नेकचलनीचा दाखला जोडायचा होता. या इसमाची वागणूक चांगली असून त्याच्यावर सरकारचा कसलाही मामला बाकी नाही, अशा अर्थाचा. आणि हे सगळं इस्फंदार महिन्याच्या शेवटच्या दिवशी डाकेनं रवाना व्हायला हवं होतं.

तर हे नियम ज्या सरकारी जरीद्यात, म्हणजे राजपत्रात, छापून आले, त्याचं ते मोठं पान अप्पांनी मिळवलं आणि येताजाता पाठ व्हावं म्हणून माजघराच्या भिंतीवर डकवलं. ज्वारीच्या पिठाची खळ करून, चारी कडा दाबून, मधे हात फिरवून, पक्कं. बायको शिवगंगा म्हणालीसुद्धा, “अवो, दोन खिळं मारले आसते तर भागलं नसतं का?” पण अप्पांना अर्धवट काम खपत नसे.

त्यानंतर बाराव्या दिवशी चपराशी नोटीस घेऊन आला. गावात मोऱ्यांवर देखरेख करायला नवीन दारोगा आले होते, त्यांची सही होती. मजकूर दोन ओळींचा: “मोरी का पानी सरकारी रस्ते पर आता है. आठ रोज के अंदर सफाई हो.” आता अप्पांच्या न्हाणीची मोरी तुंबलेली होती हे खरं. पाणी भिंतीतनं बाहेर यायचं, रस्त्यावर पसरायचं आणि तिथंच मुक्काम करायचं. हे सगळ्या गल्लीला माहीत होतं. पण सरकारला माहीत होणं वेगळं.

“त्यात काय एवढं,” शिवगंगा म्हणाली. “सफाई करा म्हणत्यात. तुमी फावड्यानं गाळ काढा, मी पाणी वतते. दुपारपत्तर होतंय.”

अप्पा हसले. शिकलेला नवरा बायकोला हसतो तसं, थोडं दयेनं. “अगं, हा झाडूवाल्याचा शब्द न्हाई. कायद्याचा हाय. फौजदारीत सफाई म्हंजे बचाव. सरकार म्हणतंय, तुमच्यावर इल्जाम हाय, आठ रोजात तुमचा बचाव मांडा. बचावाचे साक्षीदार आसतेत त्यान्ला म्हणत्यात गवाहान-ए-सफाई. दोन वर्सं झाली, घोकतो हाय मी.”

“मग गाळ कोण काढायचा?”

“कुणीच न्हाई. गाळाला हात लावला म्हंजे गुन्हा कबूल केला. आठ दिवस मोरी हाय तशी ऱ्हाईल.”

अप्पांच्या बाजूनं एवढं सांगायला हवं, की कायद्यात सफाईचा अर्थ बचाव असाच होतो. शब्द बरोबर होता, अर्थही बरोबर होता. फक्त मोरी त्या अर्थाची नव्हती.

आठ दिवस मोरीला कुणी शिवलं नाही. घरात अंघोळी चालू, भांडी चालू, आणि बाहेरचं तळं वाढत चाललेलं. समोरच्या सुग्रीवच्या म्हशीनं तिसऱ्या दिवशी ते बघितलं आणि त्यात जाऊन बसली. गल्लीतले लोक भिंतीला पाठ लावून, धोतर वर धरून, एकेक पाऊल सरकत जाऊ लागले. शिवगंगा दोन वेळा फावडं घेऊन निघाली आणि दोन्ही वेळा अप्पांनी दारात हात आडवा धरून पुरावा वाचवला.

सल्ल्याला तोटा नव्हता. शेजारचे भगवानराव पूर्वी पटवारी होते, त्यामुळं जगातल्या कुठल्याही गोष्टीवर त्यांचं मत तयार असे. ते म्हणाले, “अप्पा, साक्षीदार जुने घ्या. ज्यानं मोरी लई साल बघितली आसा.” असे जुने तेच होते. दुसरी साक्षीदार पलीकडच्या घरातली मंजुळाबाई, कारण ती गल्लीत कधी कुणाबद्दल वाईट बोलत नसे. तिसरा सुग्रीव, म्हैसवाला, कारण त्याला नाही म्हटलं असतं तर तो रुसला असता. अप्पांनी तिघांना ओसरीवर बसवून शिकवलं. विचारतील तेवढंच सांगायचं. मोरी चांगली आहे म्हणायचं. जादा बोलायचं नाही. तिघांनीही माना हलवल्या. मान हलवणाऱ्या साक्षीदाराचा भरवसा धरू नये, हे अप्पांना अजून कुठल्या पुस्तकात भेटलं नव्हतं.

आठव्या दिवशी अप्पा चौदा पानांचा बचाव काखेत मारून आणि तीन साक्षीदार मागं घेऊन तहसील कचेरीत गेले. तहसीलदार हैदराबादकडचे, वयस्क, पान खाणारे, कमी बोलणारे गृहस्थ. त्यांनी चष्म्यावरून सगळ्या वरातीकडं पाहिलं.

“अप्पा, ये लोग कौन?”

“हुजूर, गवाहान-ए-सफाई.”

तहसीलदारांनी पेशकाराकडं पाहिलं. पेशकारानं आढ्याकडं पाहिलं. समोर काय वाढून ठेवलंय ते तहसीलदारांच्या ध्यानात आलं असणार, पण सकाळपासून सारा-तहशिलीचे कागद बघून माणूस कंटाळलेला होता. ते खुर्चीत मागं टेकले आणि म्हणाले, “बुलाओ.”

पहिली मंजुळाबाई. “सायेब, अप्पाची मोरी लई चांगली. परवा मी पाय घसरून त्येच्यात पडले. म्हातारं माणूस, कंबरच मोडायची. पर कुठं खरचटलं म्हणून न्हाई. गाळ एवढा हाय, गादीवर पडल्यावानी वाटलं.”

अप्पा खाकरले. मंजुळाबाईला वाटलं, शाबासकी दिली. “आन् वास म्हणाल तर सवं झाली आता,” तिनं जोडून दिलं.

मग सुग्रीव. “हुजूर, जनावराला समजतं. घाण आसती तर माझी म्हैस बसली आसती का तिथं? सकाळधरनं बसती. उठ म्हणलं तरी उठंना. पयले गुडघ्याएवढं पाणी होतं, आता पाठ भिजती तिची. दूद बी वाढलंय.”

शेवटी भगवानराव. त्यांनी रस्त्याची पातळी पहिल्यापासून उंच आहे एवढंच सांगायचं होतं. पण पटवारीपणाचा अंगरखा एकदा अंगात शिरला की तो निघत नाही. ते छाती काढून म्हणाले, “ही मोरी मी पंचवीस सालं झाली वळखतो. तवाबी आशीच तुंबलेली होती. अप्पाच्या वडिलांच्या टायमालाबी आशीच होती. हिच्यात नवीन कायबी न्हाई.”

पेशकार भराभर लिहीत होता. पंचवीस वर्षं, पाठ भिजेपर्यंत पाणी, पडलं तरी लागत नाही एवढा गाळ. अप्पांना प्रत्येक शब्द ऐकू येत होता आणि त्यातला एकही परत घेता येत नव्हता.

तहसीलदारांनी पिकदाणी जवळ ओढली, तोंड मोकळं केलं आणि अगदी हळू आवाजात म्हणाले, “अप्पा, हमने झाडू मांगी थी. आप गवाह ले आए.”

कचेरी हसली. पेशकार हसला, कारकून हसले, बेड्या घालून कोपऱ्यात बसवलेला एक चोर होता तोही हसला. मंजुळाबाईला काही कळलं नाही, पण सगळे हसताहेत म्हणून तीही हसली. अप्पांचे कान लाल झाले. वीस वर्षं ज्या कचेरीसमोर आपण रुबाबात बसलो, ती सगळी आपल्याला हसली, याचं त्यांना फार वाईट वाटलं. चौदा पानांचा बचाव त्यांनी तसाच काखेत दाबून धरला.

पण गोष्ट हसण्यावर मिटली नाही. तहसीलदार म्हणाले, आठ दिवसांपूर्वी गाळ काढला असता तर काम झालं होतं. आता तुमच्याच तीन साक्षीदारांनी मोरीची हकीकत सरकारी कागदावर आणली. आता ती मोरी नव्या नियमांप्रमाणं पक्की बांधावी लागेल. महिनाअखेरीला दारोगा येऊन मोजतील. बरोबर निघाली तर मामला बंद आणि दाखला तुमचा. नाही निघाली तर मामला बाकी, आणि मामला बाकी असलेल्या माणसाला दाखला मिळत नाही.

“नियम?” अप्पांच्या तोंडून निघालं.

“जिस पन्ने पर आप के इम्तिहान के कवायद हैं, उसी की पीठ पर छपे हैं. आप तो पढ़ चुके होंगे.”

इथं एखाद्या सरळ माणसानं सांगितलं असतं, की हुजूर, ते पान मी भिंतीला लावलंय, एक नक्कल द्या. पण सगळी कचेरी नुकतीच हसून डोळे पुसत होती. अप्पा ताठ उभे राहिले आणि म्हणाले, “जी हुजूर. तोंडपाठ आहेत.”

घरी आल्यावर त्यांनी कुणाशी न बोलता तांब्याभर पाणी घेतलं आणि भिंत भिजवायला सुरुवात केली. खळ पक्की होती. कागद निघाला, पण चिंध्या होऊन. परीक्षेचे नियम अप्पांच्या हातात लगदा होऊन आले, आणि मोऱ्यांच्या नियमांची शाई भिंतीच्या पांढऱ्या मातीवर उतरली, तीही उलटी. उर्दू आधीच उजवीकडून डावीकडं, ती आता डावीकडून उजवीकडं झाली. वीस वर्षं कचेरीची उर्दू लिहिणारा माणूस आपल्याच भिंतीसमोर अडाणी होऊन उभा राहिला.

शेवटी शिवगंगेनं कुंकवाचा आरसा आणला. ती आरसा धरायची, अप्पा त्यात बघून एकेक शब्द लिहून घ्यायचे. “जरा डावीकडं. तुझं नाक येतंय मधे.” “माझं नाक कावून यील? तुमीच सरका.” असं करत संध्याकाळपर्यंत नियम उतरले. मोरी चुन्यात बांधलेली असावी. रुंदी एक वीत. वर फरशी. उतार दर गजामागं दोन बोटं, आणि उतार रस्त्यापासून मोजावा. सहावी दफा, म्हणजे सहावं कलम, तेवढी मातीसकट गळून पडली. ती काय होती या काळजीनं अप्पांची झोप उडाली. पुढं कळलं, की ती मोरीत म्हैस बसवण्याबद्दल होती.

मांजरसुंब्याकडून चुन्याची गाडी आली आणि आश्रुबा गवंडी कामाला लागला. आश्रुबा मनानं शांत, हातानं पक्का आणि विचारल्याशिवाय न बोलणारा. त्यानं नियम ऐकले आणि एकच विचारलं, “दोन बोटं. कुणाची?”

प्रश्न साधा नव्हता. आश्रुबाची दोन बोटं म्हणजे अप्पांची तीन. भगवानराव म्हणाले, “सरकारचा नियम हाय, बोट सरकारचं धरा.” पण सरकारचं बोट कुठून आणायचं हे ते सांगेनात. सुग्रीव म्हणाला, पाण्याला विचारा, ते बरोबर जातंय. शेवटी दारोगा लेखणी धरणारा माणूस आहे, तेव्हा त्याचं बोट अर्जनवीसाच्या बोटासारखंच असणार, असा निकाल करून अप्पांची बोटं मुक्रर झाली.

खरी अडचण पुढंच होती. आश्रुबा न्हाणीकडून रस्त्याकडं दोरी धरायला निघाला, तसं अप्पांनी त्याला थांबवलं.

“आश्रुबा, उतार रस्त्यापासून मोजायचा हाय. रस्त्याकडनं सुरू कर.”

“रस्त्याकडनं उतार धरला तर रस्ता वर आन् न्हाणी खाली यील, अप्पा.”

“यीना का.”

“पाणी घरात यील.”

आता अप्पांच्या मनाची अवस्था समजून घ्या. एका शब्दाचा आपल्या अकलेनं अर्थ लावला आणि गावभर शोभा झाली. त्या दिवशी त्यांनी शपथ घेतली होती, की यापुढं अक्कल म्हणून चालवायची नाही. सरकारनं लिहिलंय तेवढंच आणि तसंच. त्यामुळं त्यांनी आश्रुबाच्या खांद्यावर हात ठेवला आणि समजावलं, “पाण्यानं कुठं जायचं ते पाणी ठरवत न्हाई, आश्रुबा. दफा ठरवती.”

आश्रुबानं एकदा शिवगंगेकडं पाहिलं. शिवगंगा म्हणाली, “मी माजलगावला जाते, माहेरी. झालं की सांगावा धाडा.” पण ती गेली नाही. आश्रुबानं चार दिवसांत अशी मोरी बांधली, की तसं काम त्या गावात कुणी पाहिलं नव्हतं. सरळ, गुळगुळीत, दर गजाला दोन बोटं, आणि सगळी रस्त्याकडून न्हाणीत आणि तिथून माजघराकडं उतरत गेलेली.

महिन्याचा शेवटचा दिवस उजाडला. डाक दुपारी निघणार होती. सकाळी शिवगंगेनं अंघोळीचं पाणी ओतलं आणि ते कुठंही न रेंगाळता, वळण न चुकता, तडक माजघरातून स्वयंपाकघरात आलं. चूल विझली. पिठाचा डबा तरंगला. त्याच वेळी दारात दारोगासाहेब हजर.

दारोगा तरुण आणि काटेकोर. नियमात रस्त्यापासून मोजा म्हटलं होतं, म्हणून त्यांनी रस्त्यापासून मोजलं. पहिला गज, दोन बोटं खाली. दुसरा गज, चार. तिसरा, सहा. प्रत्येक गजाला त्यांचा चेहरा खुलत गेला. गावातल्या चाळीस मोऱ्या त्यांनी मोजल्या होत्या आणि इतकी अचूक एकही निघाली नव्हती. मोजत मोजत ते वाकलेलेच आत आले आणि त्यांचे जोडे पाण्यात गेले. अप्पा स्वयंपाकघरात घोटाभर पाण्यात उभे होते.

“अप्पा, पानी तो उलटा आरा.”

अप्पांनी खाली पाण्याकडं पाहिलं. दाराशी शिवगंगा ओला पदर पिळत होती. बाहेर डाकेची गाडी जुंपायला घेतल्याचा आवाज येत होता. आणि त्या क्षणी, मला खात्री आहे, अप्पा वकील झाले. सनद नंतर आली ती फक्त कागदाची.

“दारोगासाहेब,” ते शांतपणे म्हणाले, “पाणी कोणीकडं जावं, हे कुठल्या दफेत लिहिलंय?”

दारोगांनी खिशातून नियमांची प्रत काढली. पहिली दफा पाहिली, शेवटची पाहिली, मग मधल्या सगळ्या पाहिल्या. लिहिलेलं नव्हतं. ज्यानं नियम केले त्याच्या डोक्यातच आलं नसेल, की ही गोष्ट लिहावी लागेल.

“रुंदी बरोबर?”

“बराबर.”

“उतार बरोबर?”

“बराबर है.”

“आणि सरकारची तक्रार काय होती? आमच्या मोरीचं पाणी सरकारी रस्त्यावर येतं. जाऊन बघा. एक थेंब रस्त्यावर दिसला तर मामला बाकी ठेवा.”

दारोगा खरोखर बाहेर जाऊन बघून आले. रस्ता कोरडा ठणठणीत होता. फक्त सुग्रीवची म्हैस जुन्या जागी उदास उभी होती. त्यांनी सही केली.

अप्पा ओल्या धोतरानं कचेरीत धावले. तहसीलदारांनी दारोगांचा रिपोर्ट दोनदा वाचला, अप्पांच्या धोतराकडं पाहिलं आणि सगळं ओळखलं. त्यांनी दाखला लिहिला: हा इसम परीक्षेला बसण्यास लायक आहे. मग जरा थांबून, मिशीत काहीतरी लपवत, खाली आणखी एक ओळ लिहिली: “जब तक मोरी इसी हालत में रहे.” शिक्का बसला. डाकेची गाडी वेशीत गाठली.

त्या एका ओळीनं घराचं काय झालं ते बाहेरच्यांना दिसलं नाही. चूल ओसरीवर आली. माजघरात खड्डा खणला, मोरीचं पाणी त्यात जमायचं, आणि शिवगंगा ते कळशीनं उपसून परसात टाकायची. सकाळी, दुपारी, संध्याकाळी. अप्पा गाडीबैलानं जालन्याला आणि तिथून आगगाडीनं हैदराबादेला जाऊन परीक्षा देऊन आले, शिवगंगा पाणी उपसतच होती. निकाल लागला, अप्पा दोन गुणांनी का होईना पास झाले, सनद आली. गल्लीनं साखर खाल्ली. भगवानरावांनी सांगितलं, की हे सगळं आपल्या साक्षीमुळं झालं.

दुसऱ्या दिवशी वकीलसाहेब शेरवानी घालून ओसरीच्या एका टोकाला बैठक मांडून बसले. दुसऱ्या टोकाला चूल होती, तिचा धूर सगळा शेरवानीत. पहिलं अशील कोण येतंय म्हणून ते रस्त्याकडं बघत होते, तर शिवगंगा आतून आली, डोक्यावर पदर सारखा केला आणि समोर बसली.

“वकीलसायेब, नालिश लिहायची हाय.”

अप्पांना वाटलं, चेष्टा करतेय. “कुणावर?”

“घराच्या मालकावर. मोरी उलटी बांधली म्हणून. मिरग आठ दिवसांवर आला. समद्या गल्लीचं पाणी रस्त्यानं यील आन् त्या मोरीतनं घरात शिरल. मग चूल कुठं नेऊ?”

अप्पांचा आवाज खाली आला. “हे बघ. सनद उभी हाय परीक्षेवर. परीक्षा उभी हाय दाखल्यावर. आन् दाखला मोरीवर. मोरी हालली की समदं खाली यील. तिला हात लावता येत न्हाई.”

“कधीच?”

“कधीच न्हाई.”

शिवगंगेनं हात मांडीवर ठेवले. चार महिने पाणी उपसून त्या हातांना भेगा पडल्या होत्या. अप्पांनी ते त्या दिवशी पहिल्यांदा नीट पाहिले आणि त्यांना शरम वाटली. पण भीती शरमेपेक्षा मोठी होती. सनद गेली तर परत चिंचेखाली, आणि या वेळी सगळं गाव हसणार.

“दाखल्यावर काय लिहिलंय?” तिनं विचारलं.

“हा इसम परीक्षेला बसायला लायक हाय, जवर मोरी हाय तशी हाय तवर.”

“परीक्षेला बसायला.”

“हा.”

“बसलाव का तुमी?”

“बसलो की.”

“मग आता उठा.”

अप्पांनी तोंड उघडलं. दिवाणी जाब्त्याची कलमं आठवली, फौजदारीची आठवली, धर्मशास्त्रसुद्धा आठवून पाहिलं. जिला सही करता येत नव्हती तिनं एका वाक्यात मामला संपवला होता. अप्पा उठले, शेरवानी काढून खुंटीला अडकवली आणि आश्रुबाला निरोप न धाडता स्वतःच पहार हातात घेतली. शिवगंगा पाट्या भरून देऊ लागली.

महारुद्रअप्पा वकिलांचा तो पहिला मुकदमा. तो ते हरले. आणि डिक्रीची अंमलबजावणी निकालाच्याच दिवशी झाली, असं त्या तहसिलीत त्याआधी कधी घडलेलं कुणाला आठवत नव्हतं.